हॉर्मोनचा अहवाल ठीक असला, तरी पाळीपूर्वीचा त्रास खराच असतो

पाळीच्या आठवडाभर आधीपासून चिडचिड होते, स्तन जड होतात, झोप उडते. हॉर्मोनच्या तपासण्या मात्र निर्दोष आल्याने घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणतात, तेव्हा उपचार कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. पाळीपूर्वीच्या या त्रासाला वैद्यकात पीएमएस म्हणतात, आणि त्यात हॉर्मोनचे प्रमाण बहुधा योग्यच असते. स्त्रीबीज सुटल्यानंतर या हॉर्मोनमध्ये जे नेहमीचे चढउतार होतात, त्यांना काही स्त्रियांचा मेंदू अधिक तीव्र प्रतिसाद देतो, आणि म्हणून रक्ताच्या अहवालात हा त्रास सापडत नाही. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तेवढे अवश्य तपासून घ्यावे.

निदान होते ते रोजच्या नोंदीवरून. येथे पुण्यात माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी औषध लिहिण्यापूर्वी मला सलग दोन पाळ्यांची नोंद ठेवायला सांगितली, आणि मी रोज रात्री कालनिर्णयाच्या चौकटीत झोप, चिडचिड व वेदना यांना शून्य ते तीन गुण देत असे. पाळी सुरू झाल्यावर लक्षणे काही दिवसांत ओसरून पुढचा आठवडा मोकळा जात असेल, तर तो पीएमएस. उदासी महिनाभर टिकत असेल, तर कारण दुसरे असू शकते. हीच नोंद घरच्यांनाही दाखवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

नियमित व्यायाम करावा. मला तळजाई टेकडीवर सकाळी चालण्याचा उपयोग झाला. आहार व गोळ्या मिळून दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात गेल्यास लक्षणे सौम्य होतात, असे अभ्यासांत दिसले आहे; दूध, तीळ आणि नाचणी आपल्या घरात असतेच. बी-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र मनाने वाढवू नयेत, कारण दीर्घकाळ अधिक मात्रा घेतल्यास नसांना इजा होते.

एवढ्याने भागले नाही, तर एसएसआरआय या नैराश्यावरील गटातील औषधांचा विचार डॉक्टर करतात. नैराश्यावर ती नियमाने रोज घ्यावी लागतात. पीएमएसमध्ये मात्र अनेकींना ती केवळ पाळीपूर्वीचे दोन आठवडे घेऊनही पुरतात आणि गुणही लवकर येतो. ड्रॉस्पिरेनोन हे हॉर्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या हा दुसरा मार्ग आहे, परंतु डोळ्यांपुढे चमक येऊन होणारी अर्धशिशी, धूम्रपान किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास असल्यास हे डॉक्टरांना आधी सांगावे.

त्या दिवसांत जगणे नकोसे वाटत असेल, तर दोन महिन्यांच्या नोंदीसाठी थांबू नये. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.