पत्रक वाचून गोळी ठेवून दिली

प्रश्न : डॉक्टर, मी ४३ वर्षांची आहे. डिप्रेशनसाठी आधी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम चार महिने घेतली, नंतर वेन्लाफॅक्सिन ७५ मिलिग्रॅम, तिलाही आता पाच महिने झाले. रडू थांबलं, पण सकाळी दात घासायचंही जिवावर येतं. आता डॉक्टरांनी सोबत अ‍ॅरिपिप्रॅझोल २ मिलिग्रॅम दिली. पत्रकात 'स्किझोफ्रेनिया' वाचलं आणि गोळी तशीच ठेवून दिली. माझा आजार बदलला का?
– एक वाचक

उत्तर : नाही, आजार तोच आहे. स्किझोफ्रेनियात हे औषध साधारण १० ते १५ मिलिग्रॅमपासून चालतं, तुम्हाला दिलेत दोन. एवढ्या कमी मात्रेत ते चालू औषधाला हात देतं. अमेरिकेत २००७ सालीच त्याला डिप्रेशनमध्ये अशी जोड म्हणून मान्यता मिळाली. (पत्रकं लिहिणाऱ्यांनी हे दोन ओळींत सांगितलं असतं, तर माझी निम्मी पत्रं कमी झाली असती.) पायांत वळवळ सुटली, एका जागी बसवेना, तर मात्र लगेच कळवा. तो या गोळीचा त्रास असतो, मात्रा बदलली की बहुधा जातो.

पण तुमच्या पत्रातले आकडे वाचून मी थबकलो. दोन औषधं योग्य मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही गुण आला नाही, तरच आम्ही डिप्रेशनला 'दाद न देणारं' म्हणतो. एस्सिटालोप्राम २० पर्यंत नेता येते, वेन्लाफॅक्सिन रक्तदाब बघत २२५ पर्यंत. तुमची दोन्ही औषधं सुरुवातीच्या मात्रेवरच राहिली. वाढवली का नाहीत, हे डॉक्टरांना सरळ विचारा, कारण असेलही. थायरॉइड तपासलंय का? आणि कधी झोप न घेताही चार-चार दिवस भलताच उत्साह असायचा का? तसं असेल तर ते आवर्जून सांगा, उपचारांची दिशाच बदलते.

याने भागलं नाही तर लिथियम आहे. जुनं औषध, माझा त्यावर भरवसा आहे, पण ते शिस्त मागतं. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्तातली पातळी बघायची, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासत राहायचं. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन परस्पर घ्यायची नाही, पातळी चढते. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी फोन. नाकात मारायचा एस्केटामिनचा स्प्रे अमेरिकेत २०१९ पासून आहे. तो देखरेखीखालीच देतात, नंतर दोन तास थांबवून ठेवतात. तुमची गाडी अजून तिथवर आलेली नाही.

जगणंच नको असं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि दवाखाना गाठा.

आणि चिडून वेन्लाफॅक्सिनही बंद केली नाहीत ना? ती एकदम सोडली की चक्कर येते, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके बसतात. लोकांना वाटतं, आजार उलटला.