पोरगी डुकरांवर शिकणार म्हणते

पत्र : आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू, एक एकर विहिरीवर. मुलीनं लातूरला राहून दोनदा नीट दिली, नंबर लागला नाही. आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र. आमच्या डोंगरावर पवनचक्क्या झाल्या तेव्हापासून हरणं आणि डुकरं खाली रानात जास्त येतात, असं गावात सगळे म्हणतात. पोरगी वर्षभर एका वहीत त्याची टिपणं लिहिते आहे आणि आता म्हणते, वन्यप्राणी आणि वीजप्रकल्प यावरच संशोधन करायचं. डुकरं तर आमच्याकडं फुकट आहेत, त्यासाठी शिकायला कशाला पाहिजे? यात नोकरी असते का? मुलीच्या जातीनं असं रानोमाळ हिंडावं का? आम्हाला वाटतं बी.एड. करावं. — एक वडील

उत्तर :

नमस्कार. ‘डुकरं फुकट आहेत’ वाचून आधी हसलो. मग त्याच्या वरचं वाक्य पुन्हा वाचलं. ‘पवनचक्क्या झाल्या तेव्हापासून डुकरं जास्त येतात, असं गावात सगळे म्हणतात.’ गाव म्हणतं ते खरं असेल. पण त्याच वर्षांत डोंगरावर क्रेन चढवायला रस्ते झाले, गायरान कमी झालं, खाली विहिरीवर ऊस आणि भुईमूग वाढला. मग डुकरं आली ती पात्यांच्या आवाजाला भिऊन, की उसात लपायला जागा आणि भुईमुगाच्या शेंगा मिळाल्या म्हणून? हे वेगळं करून दाखवणं हेच तुमच्या मुलीला शिकायचं आहे, आणि ते फुकट येत नाही.

असं काम आपल्याच राज्यात झालेलं आहे. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पवनचक्क्यांखालची आणि पवनचक्क्या नसलेली जागा शेजारीशेजारी ठेवून मोजली. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी निघाले. घारी-ससाणे कमी झाले म्हणून खाली सरडे वाढले, निर्धास्त झाले, माणूस अगदी जवळ आला तरी पळेनात. पण गर्दीमुळे अंगानं बारीकही झाले. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्या सरड्यांच्या वंशाचं (इंग्रजीत जीनस) शास्त्रीय नावच ‘सरडा’ आहे, मराठीवरून ठेवलेलं. तेवढं मुलीला सांगा, तिला आवडेल.

आता विजेची दुसरी बाजू, जी शहरातल्या संशोधकापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. थ्री फेज रात्रीची असली की तुम्ही बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जाता. त्याच वेळी डुक्कर हरभऱ्यात असतं आणि साप बांधावर. मराठवाड्यात माणूस आणि प्राणी समोरासमोर येतात ते बऱ्याचदा या वेळापत्रकामुळे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू शेतीला दिवसा वीज देणं हा आहे. मग ज्या गावाचा फीडर, म्हणजे शेतीची वीजवाहिनी, सौरवर गेला तिथं रात्रीच्या गाठीभेटी कमी झाल्या का? शेजारच्या, अजून रात्रपाळीवर असलेल्या गावाशी तुलना करून हे कुणीतरी नीट मोजायला हवं. आणि त्याच सौर प्रकल्पानं माळाला जाळीचं कुंपण घातलं, तर तिथं चरणारी काळवीटं, मेंढ्या चारणारे धनगर आणि मेंढ्यांमागचा लांडगा जातात कुठं? महसूल दप्तरी जो माळ ‘पडीक’ असतो, तो या सगळ्यांचं घर असतो.

मीसुद्धा पूर्वी मुलांना सांगायचो, वन्यजीवात जायचं तर चंद्रपूर गाठा, आपल्याकडं वनच नाही. चुकीचं सांगत होतो. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ तुमच्या शेजारच्या येडशी-रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला. वाघाचं सोडा, तो पाहुणा. पण वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात उसात राहणाऱ्या बिबट्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडं नेऊन सोडले की तिथं माणसांवरचे हल्ले वाढतात हे दाखवून दिलं. पिंजरा लावा म्हणणाऱ्या प्रत्येक गावाला ते पटत नाही, पण आकडे आकडेच आहेत.

नोकरीबद्दल सरळ बोलतो. पवनचक्क्या आणि सौर पॅनेलचे प्रकल्प २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या कक्षेत येत नाहीत. वनजमीन लागली तर वेगळी परवानगी. म्हणजे कायद्यानं काम मिळेल असं नाही. पण जागतिक बँक गटातल्या आयएफसीसारख्या संस्था कर्ज देताना पक्षी आणि वटवाघळांचा अभ्यास मागतात. तिथं सल्लागार कंपन्यांत जीवशास्त्राची मुलं लागतात. काम कसलं, तर ठरावीक दिवशी पवनचक्कीखाली ठरलेल्या रेषांवर चालायचं आणि मेलेले पक्षी शोधायचे. त्यात गोम अशी की कुत्री-कोल्ही मढी आधीच उचलतात. म्हणून मोजलेली मढी मुद्दाम ठेवून बघायचं, चार दिवसांत किती गायब होतात, आणि मग हिशेब दुरुस्त करायचा. हे न करता ‘दोनच पक्षी मेले’ लिहिलेला अहवाल मी विश्वासानं वाचणार नाही. शिवाय पैसे प्रकल्पवाल्याचे असतात, त्यामुळे खरं लिहिण्याची परीक्षा तिथं रोज होते. मुलीला हे आधीच माहीत असू द्या.

तारांचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माळढोक वजनदार पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, वळायला वेळ लागतो आणि वीजतारेवर आपटतो. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयानं राजस्थान आणि गुजरातमधल्या त्याच्या भागांत तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, मार्च २०२४ मध्ये तो आदेश शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. नान्नजचं माळढोक अभयारण्य तुमच्यापासून लांब नाही. एका रविवारी बापलेकीनं जाऊन या.

शिक्षणाचा रस्ता असा. बी.एस्सी. चांगल्या गुणांनी पुरी होऊ द्या. सोबत सांख्यिकी, ‘आर’ ही आज्ञावली आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस. दोन्ही मोफत मिळतात. पुढं डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेचा वन्यजीव एम.एस्सी. जागा मोजक्या आणि जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही, म्हणून सगळी मदार त्यावर ठेवू नका. संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठातून प्राणिशास्त्रात किंवा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून सीएसआयआर-नेट ही संशोधन-प्राध्यापकीची राष्ट्रीय परीक्षा दिली तरी दार उघडतं. वन्यजीवाच्या नावानं लाखभर फी घेणारे खासगी डिप्लोमे निघालेत. त्यासाठी रान गहाण टाकू नका.

पैसा सुरुवातीला थोडाच. संस्थांच्या प्रकल्पांत करार सहा महिन्यांचा, वर्षाचा असतो. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं. पीएच.डी.साठी बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांपैकी तुमच्या प्रवर्गाची अधिछात्रवृत्ती बघा. आणि एमपीएससीच्या महाराष्ट्र वनसेवा परीक्षेतून वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक ही पक्की नोकरी. त्यासाठी तिची पदवी चालते. मी तरी हे दोन रस्ते बरोबरच चालू ठेवायला सांगेन.

मुलीच्या जातीनं हिंडावं का? तुमची मुलगी जागलीला तुमच्यासोबत रानात बसली असेलच, नाहीतर वही भरली नसती. या कामात माणसं टोळीनं असतात, गावचा सोबती बरोबर असतो. तिला मोटरसायकल शिकवा, एवढीच माझी अट. ती शेतकऱ्याची लेक आहे हे या क्षेत्रात कमीपणाचं नाही, उलट भांडवल आहे. डुकरानं शेंगा उकरलेल्या बापाला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे तिला शिकवावं लागणार नाही. एक मात्र बजावून ठेवा. डुकराच्या त्रासानं कुणी कुंपणात करंट सोडत असेल तर ते लिहायचं, पण तिथं जायचं नाही. त्यात माणसंही मरतात. क्षणभराचा सौम्य झटका देणारं झटका मशीन वेगळं, थेट करंट सोडणं वेगळं.

बी.एड. वाईट नाही. पण अर्ध्या मनानं केलेलं बी.एड. नीटसारखंच होईल, आणि नीटचा खर्च तुम्ही एकदा भोगलाय.

राहिली वही. तिला आणखी तीन रकाने पाडायला सांगा: त्या रात्री वीज कधी होती, शेजारच्या रानात कोणतं पीक होतं, आणि रात्री कुणी राखणीला होतं का. ठसे दिसले तर शेजारी पट्टी ठेवून फोटो. रब्बी संपली की वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा, मी वाचीन. आणि ज्या रात्री डुकरं आलीच नाहीत, त्या रात्रीची तारीखही लिहायची. तो रकाना रिकामा सोडायचा नाही, शून्य लिहायचं.