आधी चिमणी बघा, भिंत नंतर

परदेशात भाड्याचं घर बघताना स्वयंपाकघर उघडं घ्यावं की बंद, हा प्रश्न खरं तर फोडणीचा आहे. तापलेल्या तेलात मिरची-हिंग पडले की वाफेबरोबर तेलाचे अतिशय बारीक कण वर उठतात. ते हॉलभर तरंगत जातात आणि सोफा, पडदे, गालिचा, दारामागे टांगलेले हिवाळी कोट यांत मुक्काम करतात. भिंत त्यांना थोपवते, घराबाहेर मात्र काढत नाही. ते काम चिमणीचं, म्हणजे तिकडे ज्याला हूड म्हणतात त्याचं.

हूड दोन तऱ्हेचे असतात. एक हवा नळीतून बाहेर फेकतो. दुसरा तीच हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा खोलीत सोडतो. कोळसा वास थोडाफार धरतो, पण वाफ त्यातून सरळ पार होते आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइडही बराचसा निसटतो. शिवाय हा फिल्टर धुऊन भागत नाही. रोजच्या स्वयंपाकात साधारण 3 ते 6 महिन्यांत तो बदलावा लागतो, आणि आधीच्या भाडेकरूने तो बदललेला असेल अशी आशा करू नका. अमेरिकेत शेगडीवर मायक्रोवेव्ह बसवलेला दिसला, तर तो बरेचदा याच दुसऱ्या जातीचा असतो.

ओळखायचं कसं? हूडच्या वरचं कपाट उघडा. पत्र्याची जाड नळी भिंतीत किंवा छतात शिरताना दिसली तर उत्तम. नसेल तर पंखा जोरात लावून हूडच्या पुढच्या आणि वरच्या जाळीसमोर हात धरा. वारा लागला तर हवा घरातच फिरते आहे. मग टिश्यू पेपरचा एक तुकडा खालच्या धातूच्या जाळीला लावा. मधल्या वेगावरही तो चिकटून राहिला पाहिजे. पडला, तर जाळी तेलाने बुजली आहे किंवा ओढच नाही. दलाल जरा विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

आता थोडं गणित. ढोबळ हिशेब असा की हूडने खोलीतली हवा तासाला किमान 10 वेळा बदलावी. बंद स्वयंपाकघर 8 चौरस मीटरचं आणि उंची 2.5 मीटर असेल तर 20 घनमीटर हवा, म्हणजे तासाला 200 घनमीटरची ओढ पुरे. तेच हॉलसकट 35 चौरस मीटर उघडं असेल तर आकडा 875 वर जातो. अमेरिकेत ही ओढ सीएफएममध्ये सांगतात. 1 सीएफएम म्हणजे तासाला सुमारे 1.7 घनमीटर, तेव्हा 875 चे झाले साधारण 515 सीएफएम. भाड्याच्या घरातला साधा हूड इतका दमदार क्वचितच असतो. बंद खोलीचा खरा फायदा हा आहे: कमी ताकदीच्या पंख्यातही काम भागतं.

पण बंद म्हणजे चांगलंच, असं समजू नका. खिडकी नाही, हूड हवा परत सोडणारा आणि दाराखाली बोटभर फट, असं बंद स्वयंपाकघर आम्ही सगळ्यांत शेवटी धरू. कुकरच्या वाफेने तिथे कपाटांच्या मागे बुरशी धरते आणि दार उघडताक्षणी साठलेला वास एकदम बाहेर येतो. त्यापेक्षा नळीचा हूड असलेलं उघडं स्वयंपाकघर केव्हाही बरं. घरात रांगतं मूल असेल आणि स्वयंपाक करणारं माणूस एकटंच, तर उघड्याला आणखी एक गुण द्या. उलट, मूल दुपारी हॉलमध्ये झोपत असेल किंवा कुणी घरून मीटिंगा घेत असेल, तर मिक्सरच्या आवाजासाठी दार हवंच.

हवा बाहेर जायची तर तेवढीच आत यायला हवी, हे बरेचजण विसरतात. नव्या, घट्ट बंद होणाऱ्या घरांत सगळ्या खिडक्या लावून हूड चालवला तर तो नुसता घोंगावतो. स्वयंपाकघरापासून लांबची एखादी खिडकी चार-पाच सेंटिमीटर उघडा. हूडच्या शेजारची उघडलीत तर झुळूक वाफेला हूडखालून ढकलून हॉलकडे नेते. नेदरलँड्समध्ये अनेक इमारतींत सगळ्या घरांची हवा एकाच सामायिक यंत्रणेने ओढली जाते. तिथे स्वतःचा मोटारवाला हूड आणून त्या नळीला जोडू नका, तुमची फोडणी शेजाऱ्याच्या न्हाणीघरात निघेल.

जाहिरातीचे शब्दही ओळखून ठेवा. फ्रान्समध्ये ‘क्विझिन आमेरिकेन’ म्हणजे उघडं स्वयंपाकघर. जपानमध्ये ‘1के’ असेल तर स्वयंपाकाची जागा वेगळी, ‘1आर’ असेल तर सगळं एकाच खोलीत. जर्मनीत उघडं-बंद विचारण्याआधी स्वयंपाकघर आहे का तेच विचारा: जाहिरातीत ‘ईबीके’ (म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर) लिहिलं नसेल तर ओटा, शेगडी, कपाटं काहीच नसण्याची शक्यता असते, फक्त नळाची तोंडं.

धुराचा अलार्म कुठे आहे तेही बघा. अमेरिकेतला नियम शेगडीपासून किमान 10 फूट अंतर सांगतो; लहान उघड्या घरात हे अंतर जेमतेम साधतं. अलार्मवर तात्पुरता गप्प करायचं बटण आहे का, आणि तो वाजला तर फक्त घरात वाजतो की सगळी इमारत रिकामी होते, हे सही करण्याआधी विचारा. त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. जिवाला धोका आहे आणि करारभंगही.

उघडंच घर मिळालं तर फोडणी मागच्या शेगडीवर करा. पुढच्या शेगडीची वाफ हूडच्या कडेबाहेरून निसटते. हूड फोडणीआधी दोन-तीन मिनिटं लावा, गॅस बंद झाल्यावर 10-15 मिनिटं चालू ठेवा. झोपायच्या खोल्यांची आणि कोटांच्या कपाटाची दारं आधी लावून घ्या. ओले कपडे हॉलमध्ये वाळत असतील त्या दिवशी तळण नको. धातूची जाळी महिन्यातून एकदा गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणात भिजवा.

घरात शिरल्याच दिवशी हूडची जाळी, शेगडीवरचं छत आणि कपाटांचा माथा यांचे फोटो काढून घरमालकाला ईमेल करा, म्हणजे जुना तेलकट थर तुमच्या अनामत रकमेतून वजा होणार नाही. करारात ‘स्वयंपाकाचा वास’ असं मोघम कलम असेल तर नेमकं काय अपेक्षित आहे ते लेखी घ्या. साफसफाईबद्दल अट घालणं वेगळं आणि आपल्या लोकांना घरच नाकारणं वेगळं: करीचा वास राहतो म्हणून ‘कलर्ड’ भाडेकरू नकोत, असं सांगणाऱ्या एका घरमालकाचं धोरण इंग्लंडमधल्या मेडस्टोनच्या न्यायालयाने 2017 मध्ये बेकायदा ठरवलं आहे.