हँडव्हील सोडलं तरी अक्ष पळत राहतो: आधी खाच मोजा

डिचोलीच्या दादांनी विचारलंय: जुन्या वूड राउटरवर (लाकूड कोरायचं मशीन) लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर बसवलं, अक्ष हाताने हलवायला १०० खाचांचं हँडव्हील जोडलं. गुणकाचा नॉब ×१ वर असताना एका खाचेला ०.००१ ऐवजी ०.००४ मिमी सरकतं. ×१०० वर चाक जोरात फिरवून सोडलं, तरी एक्स अक्ष दहा-बारा सेकंद पळतच राहतो. अक्षाचा कमाल वेग मिनिटाला ९०० मिमी.

दादा, हे दोन बिघाड नाहीत, मूळ एकच आहे. चाकातून ए आणि बी अशा दोन लहरी येतात, एका खाचेत त्यांच्या मिळून चार कडा, आणि एन्कोडर (लहरी मोजणारा भाग) चारही मोजतो. म्हणजे एक फेरा १०० नाही, ४०० मोज (काउंट). तुम्ही जॉग-स्केल, म्हणजे एका मोजाला किती मिमी, ते खाचेच्या हिशेबाने भरलंत. ते चारने भागा: ×१ ला ०.०००२५, ×१० ला ०.००२५, ×१०० ला ०.०२५.

आता पळण्याचं बघा. सेकंदाला दोन फेरे असं तीन सेकंद फिरवलं, तर ६०० खाचा होतात. तुमच्या आत्ताच्या स्केलने ×१०० वर खाचेला ०.४ मिमी, म्हणजे ती मागणी २४० मिमीची. अक्ष सेकंदाला १५ मिमीच जाणार, म्हणजे तेवढ्या वेळात ४५ मिमी कापले आणि १९५ शिल्लक. ते संपायला १३ सेकंद. मशीन बिघडलेलं नाही, तुम्ही मागितलेलं अंतर ते इमानाने पुरं करतंय.

स्केल सुधारल्यावरही १५ मिमी उरतातच, आणि बिट (कोरणारं पातं) लाकडाजवळ असताना तेही फार झाले. त्यासाठी लिनक्ससीएनसीत जॉग-वेल-मोड ही सेटिंग आहे. तो बंद असला की प्रत्येक मोजाचं अंतर पुरं होतं. चालू केला की चाक थांबल्याबरोबर अक्ष वेग उतरवून थांबतो, उरलेले मोज सोडून देतो. मी तो ×१०० च्या सिग्नललाच जोडलाय. लांब जाताना थांबणं महत्त्वाचं, झिरो घेताना (बिट लाकडाला टेकवून शून्य ठरवताना) अंतर. एकाच सेटिंगने दोन्ही साधायला जाऊ नका.

गुणकाच्या नॉबकडे मात्र जरा जास्त लक्ष द्या. कुंडईला मी काम करायचो तेव्हा चवथीच्या आधी देव्हाऱ्याच्या सागवानी दारावर झेडचा झिरो घेत होतो. बिटखाली वर्तमानपत्राचा कपटा, तो बोटाने हलवत एकेक खाच खाली यायचं. नॉब ×१०० वर राहिला होता. एका खाचेत बिट कागदासकट फळीत घुसलं आणि मोडलं. अर्ध्याहून जास्त कोरलेली फळी होती ती, आजही डोळ्यांसमोर येते. तेव्हापासून मक्स४ ची (सॉफ्टवेअरमधला चारांतून एक स्केल निवडणारा घटक; सेल म्हणजे निवडीच्या पिना, इन म्हणजे स्केल भरायच्या) जोडणी अशी करतो: ×१० ची तार सेल०ला, ×१०० ची सेल१ला. इन०मध्ये सगळ्यात लहान स्केल, इन३मध्येही तेच. नॉब दोन घरांच्या मध्ये अडकला किंवा तार तुटली, तर मशीन हळूच होतं. अक्ष निवडायच्या नॉबचंही तसंच, कुठलंच घर लागलं नाही तर जॉग-एनेबल (चाकाला हलवायची परवानगी देणारी पिन) बंद, काही हलत नाही.

लिनक्ससीएनसीची आवृत्ती २.८ किंवा पुढची असेल तर जॉइंट (एकेक मोटर) आणि अक्ष, दोन्हींच्या जॉग पिना जोडा. होमिंगआधी (मशीनने आपली मूळ जागा शोधण्याआधी) जॉइंटच्या चालतात, नंतर अक्षाच्या. एकच जोडली की चाक अर्धा वेळ मुकं राहतं आणि माणूस उगाच वायरिंग उकलत बसतो. दिशा उलटी वाटली तर ए-बी अदलाबदल करा. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की झेड वर गेला पाहिजे.

पेंडंटवरचं (हँडव्हीलच्या हातातल्या डब्यावरचं) लाल बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर कधीच ठेवू नका. नॉर्मली क्लोज्ड संपर्क (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) घेऊन मुख्य इमर्जन्सी सर्किटच्या मालिकेत घाला.

सगळं झाल्यावर टेबलाला ०.०१ मिमीचा डायल गेज (बारीक अंतर काट्याने दाखवणारं माप) लावा, ×१० वर दहा खाचा पुढे, दहा मागे. जाताना काटा बरोबर दहा घरं चालला पाहिजे. जाताना दहा आणि परतताना आठ आला तर ती स्क्रूची ढिलाई, चाकाचा दोष नाही.

आणि आपल्या पावसाचं विसरू नका. आषाढात एकदा माझा अक्ष हात न लावता मधूनच एखादी खाच सरकायचा. प्लग उघडला तर पिनांवर हिरवा थर. स्पिंडलच्या व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) विद्युत गोंगाटही असंच करतो, म्हणून केबल शिल्डवाली घ्या, शिल्ड कंट्रोलरच्या एकाच टोकाला अर्थ करा. प्लग मात्र मिरग सुरू व्हायच्या आधीच काँटॅक्ट क्लीनरने पुसून ठेवा.