पायलोरोप्लास्टी होऊनही आईच्या उलट्या थांबत नाहीत. आता जी-पोएम करून घ्यावं का?

आईंचं पायलोरोप्लास्टीचं, म्हणजे जठरातून पुढे जाणारी वाट रुंद करण्याचं, ऑपरेशन होऊन आठ महिने झाले, तरी दोन घासांत पोट भरतं, रात्री उलटी होते. आता डॉक्टर तोंडातून दुर्बीण घालून जी-पोएम, म्हणजे त्याच वाटेवरचा स्नायू आतून कापणं, करू म्हणताहेत, आणि एकदा मोकळी केलेली जागा पुन्हा का कापायची, हा तुमचा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. पण माझं आधी पायलोरोप्लास्टी आणि मग जी-पोएम, दोन्ही झालंय, म्हणून लिहिते.

माझ्या आजाराची, म्हणजे जठर वेळेत रिकामं न होण्याची, सुरुवात रिफ्लक्सच्या (जठरातलं आम्ल वर येण्याच्या) ऑपरेशननंतर झाली. जठराला हलवणारी व्हेगस नस अन्ननलिकेला चिकटून खाली उतरते आणि त्या भागातल्या शस्त्रक्रियेत तिला धक्का बसू शकतो. माझं तसंच झालं असावं, असं डॉक्टरांचं मत पडलं. सकाळी खाल्लेलं रात्री उलटीत पडायचं, आणि काय खाल्लं होतं ते ओळखू यायचं. ज्यांनी हे पाहिलंय त्यांनाच त्याची धास्ती कळेल. मग पायलोरोप्लास्टी झाली. जठराच्या खालच्या तोंडाशी पायलोरस नावाची स्नायूची कडी असते, ती उभी कापून आडवी शिवतात, म्हणजे वाट रुंद होते. तीन महिने बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झालं.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे, की जी-पोएमला हो म्हणण्याआधी आईंना त्रास आत्ता कशामुळे होतोय हे नव्याने तपासून घ्या. ऑपरेशनआधीचे रिपोर्ट आता चालणार नाहीत. माझ्या डॉक्टरांनी घाई केली नाही, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

आधी साधी एंडोस्कोपी झाली, कारण टाक्यांच्या जागी वण आकसून वाट अरुंद झाली असेल किंवा तिथे अल्सर असेल, तर उपचारच वेगळा. मग चार तासांचा स्कॅन. अंड्याच्या खाण्यात किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळून देतात आणि थोड्याथोड्या वेळाने पोटाचे फोटो काढतात. चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न जठरात उरलं, तर जठर मंद आहे असं धरतात. माझं ३४ टक्के उरलं होतं. या स्कॅनआधी काही औषधं बंद ठेवावी लागतात, ती विचारून घ्या. अफूवर्गातली वेदनाशामकं आणि मधुमेहासाठी किंवा वजनासाठी दिली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं जठर स्वतःच मंद करतात. मी ऑपरेशननंतर यातलंच ट्रामाडॉल हे वेदनाशामक महिनोन् महिने घेत होते आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आईंना मधुमेह असेल तर वाढलेली साखरसुद्धा तेच करते.

शेवटी एंडोफ्लिप नावाची तपासणी झाली. पायलोरसमध्ये छोटा फुगा फुगवून ती कडी किती ताणली जाते ते मोजतात. माझी कडी ऑपरेशननंतरही घट्टच निघाली, आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. कडी सैल असूनही उलट्या होत असत्या, तर ती आणखी कापून मला काय मिळणार होतं?

आता जी-पोएमबद्दल. माणसावर हे पहिल्यांदा २०१३ मध्ये झालं. पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालतात, कारण जठरात अन्न उरलेलं असेल तर ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. त्याचसाठी मला दोन दिवस आधीपासून फक्त पातळ पदार्थांवर ठेवलं होतं. पायलोरसच्या साधारण पाच सेंटिमीटर अलीकडे आतल्या अस्तराखाली निळसर पाणी सोडून ते उचलतात, छोटा छेद घेऊन अस्तराखालून बोगदा करत कडीपर्यंत जातात, स्नायू कापतात आणि छेद क्लिपांनी बंद करतात. पोटावर एकही टाका नसतो. आधी पायलोरोप्लास्टी झालेली असली की वणामुळे तिथले थर चिकटलेले असतात, बोगदा करणं अवघड जातं, म्हणून वणापासून दूरची बाजू निवडतात. 'आधी ऑपरेशन झालेल्या किती जणांवर तुम्ही हे केलंय?' हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. मी विचारलं होतं, कुणी वाईट मानलं नाही. रक्तस्राव, छिद्र पडणं, अल्सर हे धोके आहेत. नंतर अन्न फार वेगाने पुढे सरकून घाम आणि धडधड होण्याचा त्रासही काहींना होतो.

गुण किती येतो? प्राग इथल्या ४१ रुग्णांच्या चाचणीत काहींवर खरं जी-पोएम केलं, काहींवर नुसतं केल्यासारखं दाखवलं. सहा महिन्यांनी खरं केलेल्यांपैकी ७१ टक्क्यांना स्पष्ट फरक होता, दुसऱ्या गटात २२ टक्क्यांना. पण ज्यांचा आजार शस्त्रक्रियेनंतर सुरू झाला होता त्यांच्यात हे आकडे ५० आणि ३३ होते, आणि मधुमेहींमध्ये ८९ आणि १४. माणसं मोजकीच, त्यामुळे या आकड्यांवर फार भार टाकता येत नाही. तरीही आईंचा आजार मुळात कशामुळे सुरू झाला, हे त्यासाठीच विचारायला हवं.

माझ्या उलट्या दुसऱ्या आठवड्यापासून थांबल्या. अर्धी वाटी खाऊन न घाबरता आडवी झाले, ती रात्र मला अजून आठवते. मळमळ कमी झाली, गेली नाही. पोटदुखी मात्र होती तशीच राहिली. स्नायू कापल्याने वाट मोकळी होते, दुखावलेली नस दुरुस्त होत नाही, हे आधीच समजावून सांगितलेलं होतं म्हणून मी खचले नाही. आईंनाही ते आधीच सांगा. त्यांना सर्वांत जास्त दुखण्याचाच त्रास असेल, तर या उपचाराकडून अपेक्षा कमी ठेवा.

कुणी पायलोरसमध्ये स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलं तर घाई करू नका; दोन नियंत्रित चाचण्यांत ते खोट्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. पोटात बसवायचं विद्युत यंत्रही असतं, ते प्रामुख्याने मळमळ-उलटीसाठी.

एक गोष्ट मात्र आजच बघा: आईंचं वजन. दर आठवड्याला उतरत असेल, पाणीसुद्धा टिकत नसेल, तर जी-पोएमच्या तारखेची वाट बघत बसू नका. जठर ओलांडून थेट लहान आतड्यात अन्न पोचवणारी नळी तात्पुरती घालता येते. मला ती पाच आठवडे होती. नाकातून येणारी ती नळी घेऊन लोकांसमोर जायला मला फार जड गेलं, पण अंगात ताकद आली ती तिच्यामुळेच. चार तासांच्या स्कॅनचा आकडा आला की इथे लिहा, मी नक्की उत्तर देईन.