जॅग्वार ई-टाइप की मर्सिडीझ पॅगोडा? संग्रहात एकच ठेवायची तर कोणती घ्यावी?

पॅगोडा घ्या. पॅगोडा म्हणजे मर्सिडीझच्या साठच्या दशकातल्या 230, 250 आणि 280 एसएल गाड्यांचं टोपणनाव. त्यातही 280 एसएल, 1968 ते 71 मधली. या प्रश्नावरून आमच्या घरात आजही वाद पेटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांच्या पत्र्याचं काम करतो. चुलतभावाला, म्हणजे दादाला, साठच्या दशकातली गाडी हवी होती. मी त्याच्यासाठी एक 280 एसएल हेरून ठेवली. खाली झोपून पत्रा पाहिला, हेडलाइट काढून आतले कारखान्यातले स्पॉट वेल्डिंगचे ठिपके तपासले. पुढून ठोकलेल्या गाडीत ते सहसा राहत नाहीत. हिच्यात जसेच्या तसे होते. दादा आला तो खिशात चुंबक घेऊन. दाराला लावलं, चिकटेना. बॉनेटला लावलं, चिकटेना. "सगळी पुट्टी भरलीय," म्हणाला, तेही मालकाच्या तोंडावर! अहो, या गाडीच्या दारांचा, बॉनेटचा आणि डिकीच्या झाकणाचा पत्रा मुळातच ॲल्युमिनियमचा असतो. चुंबक लावायचं ते फेंडरला आणि दाराखालच्या सिलला. पण त्याच्या मनात ई-टाइपच होती. "265 घोड्यांची ताकद कुठे आणि 170 ची कुठे? न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात यातली कुठली ठेवलीय?"

घेतली त्याने ई-टाइपच. लाल, आरशासारखी चकचकीत. रॅम्पवर चढवून मी सिलला स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. सडलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा जोडून वर रंग मारला होता. ई-टाइपच्या मधल्या भागाची ताकद या सिलवर असते. दाराच्या चौकटीला आडवे टेकू न देता सिल कापलं की गाडी मधोमध बसते आणि दारं लागत नाहीत. अख्खा हिवाळा त्या कामात गेला.

राहता राहिले घोडे. जॅग्वारचे 265 हे इंजिनाला जोडलेली पंखा, डायनॅमोसारखी उपकरणं काढून मोजलेले, मर्सिडीझचे 170 ती लावून मोजलेले. जॅग्वार जोरदार आहेच, पण फरक कागदावर दिसतो तेवढा नाही. आणि पॅगोडाला 'नाजूक' म्हणणाऱ्यांनी 1963 ची स्पा-सोफिया-लीज रॅली आठवावी. युगोस्लाव्हिया-बल्गेरियाच्या खडबडीत रस्त्यांवरून जाणारी ती शर्यत ऑयगेन ब्योरिंगरने 230 एसएलमध्ये जिंकली, गाडी बाजारात आली त्याच वर्षी.

हे सगळं गाडी चालवणाऱ्यासाठी. नुसती झाकून ठेवून पुढे विकायची असेल, तर सुरुवातीच्या सपाट तळाच्या ई-टाइपला मागणी जास्त आहे. पॅगोडाचे सुटे भाग महाग पडतात आणि बॉशचा इंधन-इंजेक्शन पंप बिघडला तर तो जाणकाराकडेच द्यावा लागतो. तरीही ई-टाइपच हवी असेल, तर पहिल्या मालिकेतली 4.2 लिटरची बघा, गिअरबॉक्स बराच सुधारलेला आहे. मागचे ब्रेक चाकांजवळ नसून डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीला, चिकटून असतात; त्यांचं मोठं काम निघालं तर मागचा अख्खा सांगाडा खाली उतरवावा लागतो, ती मजुरी किमतीत धरा. आणि रंग लावण्याआधीच्या उघड्या पत्र्याचे फोटो मालकाकडे नसतील, तर इसार देऊ नका.