घरून काम करणारी टीम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुण्याच्या एका कंपनीसाठी नऊ जणांची टीम सांभाळतो. लातूर, नांदेड, परभणी, केज असे सगळे आपापल्या घरून काम करतात. रोज सकाळी तासभर व्हिडिओ मीटिंग घेतो, दिवसभर ग्रुपवर विचारपूस करतो. पगारही बरे आहेत. तरी वर्षात दोन चांगली माणसं सोडून गेली. कुठं चुकतंय?
— टीम लीडर, लातूर

उत्तर : आधी हिशेब मांडा. नऊ जण, रोज एक तास, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे माणसांचे पंचेचाळीस तास. त्यात प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला रोज सहा-सात मिनिटं येतात, बाकी वेळ तो दुसऱ्याचं ऐकत बसतो. आणि खरी अडचण दुपारी तीन वाजता येते. ऑफिसात ती शेजारच्याला विचारून सुटली असती. घरी बसलेला माणूस तुमच्या उत्तराची वाट बघत अडून राहतो, आणि नाराजी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

मीटिंग आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटांची करा. वर काढलेले पंचेचाळीस तास पावणेसातवर येतील. रोज दहापर्यंत प्रत्येकानं ग्रुपवर तीन ओळी लिहाव्यात : काल काय झालं, आज काय करणार, कुठं अडलंय. तिसऱ्या ओळीला तुमचं उत्तर अकराच्या आत गेलंच पाहिजे. ते जाईना झालं, की लोक तिसरी ओळ लिहिणं सोडतात आणि उरते ती नुसती हजेरी.

काम देताना चार गोष्टी लेखी द्या : काय हवं, कोणत्या स्वरूपात, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत, आणि शंका आली तर कुणाला विचारायचं. ‘जरा लवकर करा’ यातून प्रत्येक जण वेगळी वेळ समजतो.

वाचलेल्या वेळातून दर पंधरवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास एकट्यानं बोला. सगळे मिळून तुमचे साडेचार तास जातील. या बोलण्यात कामाचा आढावा घेऊ नका. कोणत्या कामात वेळ वाया गेला, पुढं काय शिकायचंय, मी काय करणं थांबवावं, हे विचारा. ठरलेली वेळ रद्द करावी लागली तर त्याच आठवड्यात दुसरी द्या. लागोपाठ दोनदा रद्द झाली तर माणूस काय समजायचं ते समजतो.

पगाराबद्दल : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ सालीच मांडलं, की पगार, नियम, देखरेख नीट असली तर असमाधान कमी होतं, समाधान येतं ते काम तडीस नेण्यातून, दखल, जबाबदारी आणि वाढीतून. तुमच्याकडे पहिली बाजू आहे. दुसरीसाठी एकेक काम संपूर्ण एकाच्या हाती सोपवा आणि ग्राहकापुढं त्यालाच मांडू द्या.

प्रश्न : मी घरून ऑफिसातल्या लोकांइतकंच, कधी जास्तच काम करते. बढती मात्र तिथं बसणाऱ्यांना मिळते. हा माझ्या मनाचा खेळ आहे का?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : नाही. सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या शांघाय कॉल सेंटरमध्ये २०१०-११ साली नऊ महिने यावर प्रयोग झाला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण तितक्याच कामगिरीला बढती मात्र कमी मिळाली. डोळ्यांसमोर नसलेल्याचं काम निर्णयाच्या वेळी आठवत नाही.

तुम्ही दर महिनाअखेर अर्धं पान पाठवा : कोणतं काम, किती, कुणाची अडचण सुटली. बढतीचे निकष आढाव्याच्या सहा महिने आधी लेखी मागा. हे मागणं तुमचा हक्क आहे, त्यात संकोच नको.

प्रश्न : लाइट गेली की ग्रुपवर मी ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका जातो आणि लगेच साहेबांचा फोन येतो. काय करू?
— एक वाचक, बीड

उत्तर : लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राऊटर बंद पडतो. त्याच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून त्याला जुळणारा छोटा यूपीएस घ्या. नऊ व्होल्टच्या राऊटरला बारा व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. इंटरनेटवाल्याच्याच पेटीची वीज गेली तर याचा उपयोग नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटला ठेवा. अशा वेळी कॅमेरा बंद करा. आवाजापुरत्या कॉलला व्हिडिओच्या मानानं फारच थोडा डेटा लागतो.

साहेबांशी मात्र हे ठरवून घ्या : अकरा ते तीन सगळे हजर, बाकी तास ज्याचे त्यानं जुळवायचे, आणि मोजायचं ते पूर्ण झालेलं काम. रजांची यादीही तेव्हाच ठरवा. पुण्याच्या यादीत येळवस (वेळ अमावस्येचा सण) नसते, आणि लातूर-धाराशिवचा माणूस त्या दिवशी शेतात असतो.

प्रश्न : सात जणांचं समाधान मोजायला निनावी फॉर्म भरून घ्यावा का?
— टीम लीडर, जालना

उत्तर : सात जणांत भाषेवरूनच माणूस ओळखू येतो, म्हणून मोकळं लिहायला लावू नका. दरमहा तेच तीन प्रश्न, १ ते ५ गुण : माझ्याकडून काय हवंय ते कळतं का, अडलं तर मदत वेळेत मिळते का, केलेल्या कामाची दखल घेतली जाते का. सरासरीवर विसंबू नका. सहा जणांनी ५ आणि एकानं १ दिला तरी ती ४.४ येते. सगळे आकडे टीमला दाखवा आणि आठवड्याच्या आत एक बदल तारखेसह जाहीर करा. दोन-तीन महिने काहीच बदललं नाही, तर लोक सुटका म्हणून सरसकट ५ भरू लागतील.